कवीवरचे दोन दिवे

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत, चकवा, कोणाची सावली वगैरे मी मानत नाही. समुद्रात भूत दिसतं असं सांगणारे जे जे मला भेटले ते सगळे वाळूवर बसून सांगणारे होते. मी सगळा जन्म पाण्यावर काढला, मला एक दिसलं नाही. या सदरातले अनुभव माझी नात रेश्मा मला वाचून दाखवते. उलटे पाय, पांढरी साडी, घाटातली बाई... मी हसतो. ती म्हणाली, "मग आजा, तुझं काय झालं ते सांग ना लोकांना." म्हणून सांगतोय. शाळा माझी चौथीपर्यंत, तीपण पुरी नाही. मी फोनमध्ये बोलून पाठवतो, ती पुण्यात बसून टाइप करते. माझा एक शब्द सुधारायचा नाही अशी तिला ताकीद आहे. सुधारलाच तर मला कळेल.

जागा सांगतो. बोईसर स्टेशनवरून नवापूरची रिक्षा पकडायची. कारखाने मागे पडतात, त्यांचा वास थोडा कमी होतो आणि सुक्या बोंबलाचा वास लागतो, तिथे उतरायचं. आमचं घर किनाऱ्याकडून दुसऱ्या ओळीत. मुलाने स्लॅब टाकला तेव्हापासून वर गच्ची आहे. गच्चीवरून पश्चिमेला बघितलं की बोंबील वाळवायचे बांबू, त्यापुढे बोटी, त्यापुढे पाणी. मध्ये किनाऱ्यावरचं देऊळ आणि एक वाकडा ताड, बाकी काही नाही.

आता कव म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. समुद्रात तळाला खुंट ठोकून त्याला डोल जाळं बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत शिरते. खुंटाची ती जागा म्हणजे कव. प्रत्येक घराची ठरलेली, आजोबा-पणजोबांपासून. आमची कव किनाऱ्यावरून रात्री दिवा दिसेल न दिसेल इतक्या अंतरावर. आणि ती कव अशी, पाण्याला ओढ इतकी, की एका बोटीचं काम नाही. दोन लागतात. एक बोट जाळ्याचं तोंड धरून उभी राहणार, दुसरी तिच्यापुढून आडवी येऊन मासळीचा घोळ, म्हणजे जाळ्याची भरलेली शेपटी, उचलणार.

दोन बोटी आमच्या. एक माझी, एक दादाची. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ दामू.

दोघांचं कधी पटलं नाही. पण बोटी एकत्र चालायच्या. मी गॅसबत्ती लावायचो, भगभगीत पांढरी. दादाला ती सोसायची नाही. म्हणायचा, "तुझ्या त्या भसाभसा बत्तीने मासळी आंधळी होतं रे." तो साधा कंदील लावायचा आणि वाऱ्याने विझू नये म्हणून त्याला तेलात भिजवलेलं कापड गुंडाळायचा. त्यामुळे त्याचा उजेड पसरट, पिवळा, आजाऱ्यासारखा. आमची आई दारात बसून दोन्ही दिवे बघायची. तेवढ्या लांबून दोन वेगळे दिसायचे नाहीत, एकच ठिपका. पण एक बोट दुसरीच्या पुढे आली की ठिपका मंद व्हायचा. आई म्हणायची, "दबला." म्हणजे जाळं वर येतंय. मग ती उठून चूल पेटवायची. आम्ही किनाऱ्याला लागेपर्यंत भाकरी तयार.

मग दादाने बोट विकली. त्याच्या मुलाला कुंभवलीच्या बाजूला कारखान्यात काम लागलं, यालाही तिथेच गेटवर बसायचं काम मिळालं, आणि हा तांडेल, बोटीचा धनी, खुर्ची टाकून ट्रकचे नंबर बघत बसला. माझ्याशी एक शब्द न बोलता. एका बोटीने ती कव चालत नाही हे त्याला माहीत नव्हतं का? मी दोन हंगाम दुसऱ्यांना जोडीला घेऊन बघितलं. जमलं नाही. माझी बोट वाळूवर उभी राहून कुजली. शेवटी तिच्या फळ्या लोकांनी चुलीला नेल्या, मी बघत बसलो. त्यानंतर दादा माझ्यासाठी नव्हता. लग्नात, मयताला, कुठे समोर आला तर मी दुसरीकडे बघायचो. तोही तेच करायचा. हट्टाला तो माझ्याहून कमी नाही.

हे झालं जुनं. आता रेश्मा.

ही पुण्याला ताऱ्यांचं शिकते. मोठं शिक्षण आहे, पण तिच्या लग्नाचं विचारायला आलेल्यांना मी "फिजिक्स करते" एवढंच सांगतो, कारण तारे म्हटलं की ते पत्रिका काढायला देतात. गेल्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली ती तिपाई, दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन. म्हणाली, पुण्याच्या उजेडात नीट दिसत नाही, तुझ्या गच्चीवरून उत्तरेकडचं आकाश बरं आहे. दिवेलागणीनंतर रोज गच्चीवर. मी पण जाऊन बसायचो. खाली टीव्हीवर सून रडक्या बायका बघते, त्यापेक्षा बरं.

एकदा विचारलं, "काय बघतंस एवढी?"

म्हणाली, सप्तर्षींच्या बाजूला एक बारीक तारा आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो एक नाही, दोन आहेत. एकमेकांभोवती फिरतात. इतके जवळ, की दोघांचं वरचं कातडं एकच झालंय, एकाचा जाळ दुसऱ्यात जातो.

"दोन दिसतात?"

"नाय. कितीही मोठ्या दुर्बिणीतून बघ, एकच ठिपका."

"मग दोन हायत हे कोणी सांगितलं?"

"उजेड दबतो, आजा. एक दुसऱ्याच्या पुढून गेला की दबतो. कमी दबला का जास्त दबला, किती वेळ दबला, निळ्या काचेतून किती आणि लाल काचेतून किती, त्यावरून समजतं कोण मोठा, कोण लहान, कोण जास्त तापलाय. उजेड फोडून बघितला तर वजनही काढता येतं. पण ते मोठ्या दुर्बिणीचं काम."

तिने 'दबतो' शब्द वापरला. तो शब्द तिला माझ्याकडूनच आला असणार, घरात बोलतातच. पण मला आई आठवली.

"म्हणजे अंदाजच ना?" मी म्हटलं.

"अंदाजच. पण ठोकून दिलेला नाय. चूक किती असेल तेपण लिवायला लागतं."

"चूक होणार हे माहीत असून कशाला लिवायचं?"

"आजा, तू गप बस."

लॅपटॉपवर तिने रेघ दाखवली. वर, खाली, वर, खाली. एक खड्डा थोडा खोल, पुढचा थोडा उथळ. म्हणाली, जास्त तापलेला झाकला गेला की खड्डा खोल पडतो. मग सहज बोलून गेली की अशा जोड्यांत कोणी कोणाचं किती घेतलं ते आजच्या वजनावरून कळत नाही. आज जो हलका दिसतो तो कधीतरी भारी असू शकतो, त्यानेच दुसऱ्याला दिलेलं असतं. मी म्हटलं, माणसांत तसं नसतं, खाणारा खातो आणि जाडा होतो. ती हसली.

ते बंदीचे पहिले दिवस होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, सगळ्या बोटी वर ओढून ताडपत्री घालून ठेवलेल्या. पाऊस अजून आला नव्हता, आकाश साफ. जेवायच्या आधीची वेळ. रेश्मा उत्तरेला डोळा लावून, मी पश्चिमेला तोंड करून विडी ओढत. आणि पाण्यावर एक ठिपका दिसला.

लांब. आमच्या कवीवर.

तुम्ही म्हणाल, अंधारात समुद्रावर जागा कशी कळली? अहो, तुमच्या घराचा दरवाजा तुम्हाला अंधारात कळतो का नाही? देवळाचा कळस आणि ताडाचं ते वाकडं झाड एका रेघेत धरलं की पुढे आमची कव. माझे डोळे गेले तरी ती जागा चुकणार नाही.

ठिपका मंद झाला. मग पुन्हा उजळला. थोड्या वेळाने पुन्हा मंद. माझ्या तोंडातून निघून गेलं, "दबला."

आणि माझं डोकं फिरलं. बंदीत कोणीतरी आमच्या कवीवर दोन बोटी घालून जाळं उचलतोय! तिथे खुंट तरी शिल्लक आहे का मला माहीत नाही, पण जागा आमची आहे. मी तसाच खाली उतरलो, चप्पल पण एकच पायात, आणि मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर गेलो. वसंत म्हणून आहे तिथला म्होरक्या, माझ्या मुलाच्या वयाचा. पत्ते खेळत होता.

"कोणाच्या बोटी गेल्या रे बाहेर?"

"कोणाच्या नाय, हरीकाका. बंदी हाय."

"मला शिकवू नको. आमच्या कवीवर जाळं उचलतात. डोळ्याने बघून आलो."

सगळे हसायला लागले. एक जण म्हणाला, "काका, तुमच्या कवीवर आता कोणी मुतायला पण जात नाय." दुसरा म्हणाला, "नाय रे, भुतं मारत असतील मासे, त्यांना कुठं बंदी हाय?" वसंत तसा बरा माणूस. पत्ते ठेवून उठला आणि मला घेऊन वाळूवर गेला. टॉर्च मारून एकेक बोट दाखवली. सगळ्या होत्या. शेजारच्या गावांना फोन केला, त्यांच्याही सगळ्या वर. मग पाण्याकडे बघितलं. ठिपका होता. वसंतलाही दिसला. म्हणाला, जहाज असेल. मी म्हटलं, जहाज दबतं का? म्हणाला, मग काका, तुमी जा आणि बघून या. पुन्हा हसले.

तो अपमान घेऊन मी गच्चीवर आलो. रेश्माला म्हटलं, "तुझी ती सोंड फिरव इकडे. मोज. कोण हाय ते मला पाहिजे."

तिला वाटलं मी मस्करी करतोय. मग तिने बघितलं. नुसत्या दुर्बिणीतून तर एकच ठिपका. म्हणून कॅमेरा लावला, एकदा निळी काच, एकदा लाल काच, पुन्हा निळी, पुन्हा लाल. सून जेवायला हाका मारून थकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. तोंड उतरलेलं. तीच रेघ. खोल खड्डा, उथळ खड्डा, खोल, उथळ. तिच्या ताऱ्याच्या रेघेशेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येत नव्हती, एवढंच की तो तारा सावकाश आणि हे भराभर.

"आजा, हे दोन दिवे हायत. एकमेकांभोवती फिरतात."

"बोटी गोल फिरत नाय कवीवर."

"मला नको सांगू, रेघ सांगते."

"बरं. आणि?"

"एक लहान हाय, पांढरा, खूप तापलेला. दुसरा मोठा, पसरट, पिवळा, थंड. दोघांमध्ये फट जवळजवळ नाय."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

"पसरट म्हणजे?"

"म्हणजे... कसं सांगू. काठ साफ नाय त्याला. दिव्यावर काहीतरी गुंडाळलेलं असावं तसा. चूक असू शकते, आजा, एवढ्याशा मोजण्यावरून—"

गॅसबत्ती आणि तेलकट कापडातला कंदील. या पोरीचा जन्म व्हायच्या आधी दोन्ही बंद झाले. आता बोटींवर बॅटरीचे दिवे, एलईडी. कंदिलाला कापड गुंडाळायची ती तऱ्हा आख्ख्या किनाऱ्यावर एकट्या दादाची होती. मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं. तिच्या बापानेही नाही, मी त्याला विचारलं. दादाचं नाव या घरात निघतच नव्हतं, त्याचा कंदील कुठून निघणार?

तिला सगळं सांगितलं तेव्हा. ती म्हणाली, योगायोग. मग म्हणाली, पाण्यावरच्या गरम हवेने लांबचे उजेड वर उचललेले दिसतात, तसं असेल. मग म्हणाली, बोया असेल, तो पाण्यावर तरंगणारा खुणेचा दिवा. बोया टिकटिक करतो, असा सावकाश दबत नाही, हे मी तिला सांगितलं. मग ती म्हणाली, "माहीत नाय." शिकलेल्या माणसाने 'माहीत नाही' म्हटलेलं मला आवडलं नाही. एवढा खर्च कशासाठी केला तिच्या बापाने?

त्या संध्याकाळी पुन्हा दिवा. तसाच. मी खुर्ची टाकून बसलो आणि बघत राहिलो. दबला, उजळला, दबला. खरं सांगतो, भीती वाटली नाही. राग आला. जोडी मोडून जो माणूस खुर्चीवर जाऊन बसला, त्याचा कंदील माझ्या बत्तीजवळ कशाला?

त्याच्या पुढच्या संध्याकाळी मी वर गेलो, तेव्हा ठिपका दबत नव्हता.

पांढरा. सरळ. भगभगीत. माझी बत्ती. पिवळा नव्हता. मी खूप वेळ बघितलं. पांढरा तसाच जळत राहिला, कोणी त्याच्या पुढून गेलं नाही. रेश्मा मागे कॅमेऱ्याशी काहीतरी करत होती, तिच्याशी मी बोललो नाही. खाली येऊन ताट पुढे घेतलं. घास ताटातच फिरवत बसलो. सून म्हणाली, "बाबा, मासळी खारट झालीय काय?" मी म्हटलं, हो.

सकाळी रिक्षा पकडून कुंभवलीला गेलो. दादा मेला असेल तर बघावं, आणि मेला असेल तर मला कळवलं का नाही हे विचारावं, एवढ्यासाठी. दुसरं काही मनात नव्हतं.

बिल्डिंग सापडली. पाचवा मजला, लिफ्ट बंद. वर पोचलो तेव्हा माझाच जीव जायची वेळ. दार उघडं होतं. आणि समोर दादा, बनियनवर, पाटावर बसून बटर चहात बुडवत होता. सुकलेला, एका खांद्याने वाकलेला, पण जिवंत. माझ्याकडे बघून त्याचा हात तसाच थांबला, बटर चहात पडला.

"हऱ्या?"

"हो."

"जिता हायस?"

"तुला काय दिसतं?"

"मग मला बघायला कशाला आलास? मी मेलो का ते?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तो हसला. दात नाहीत आता. म्हणाला, "मी पण दुपारी पोराला तुझ्याकडे पाठवणार होतो. तू मेलास का बघायला."

त्याची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी बसलो. मग त्याने सांगितलं. हा रोज संध्याकाळी गच्चीवर जातो. दोन धुरांड्यांच्या मध्ये समुद्राची एक फट दिसते. त्या फटीत आमची कव आहे. बिल्डिंगमध्ये घर घेतलं तेव्हा मुलाला दुसरा मजला पाहिजे होता, याने पाचव्यासाठी भांडण केलं. कारण कोणालाच कळलं नव्हतं.

त्यालाही दिवा दिसला होता. त्याच संध्याकाळी, आणि पुढच्या संध्याकाळी. त्याला कोणी मोजून दिलं नव्हतं, तरी त्याने बघताक्षणी ओळखलं. "आई म्हणायची तसा दबत होता," तो म्हणाला. "मी सुनेला बोललो, भाकरी टाक, आमी येतोय. तिला वाटलं माझं डोकं गेलं."

मी तुम्हाला सांगतो, त्या वेळी उठून त्याच्या वाकलेल्या खांद्यावर हात ठेवावा असं... असो.

मग तो म्हणाला, "पण काल तुझी बत्ती विझली."

"काय?"

"काल नव्हती. नुसता माझा कंदील होता. दबतच नव्हता. मला वाटलं, संपला हऱ्या. जेवलो नाय रात्री."

"उलटं बोलतोस, दादा. काल तुझा कंदील नव्हता. माझी बत्ती होती."

"कंदील होता."

"बत्ती होती! मी समोर किनाऱ्यावर बसून बघितली. तू इथे धुरांड्यांच्या फटीतून काय बघणार?"

"ए, तुझ्या आधी सात हंगाम बोट चालवली मी. मला दिवा शिकवतो? पिवळा होता. पसरट. माझा."

"पांढरा."

"पिवळा!"

सून म्हणाली, बाबा, शेजारी ऐकतात. कोण ऐकतोय ते आम्ही बघितलं नाही. दिव्यावरून बोटीवर आलो, बोटीवरून कवीवर. मी म्हटलं, तू बोट विकलीस आणि मला वाळूवर बसवलंस. तो म्हणाला, माझा खांदा निकामी झाला तेव्हा तू खलाशांपुढे काय बोललास, आठव. "बायकांबरोबर बोंबील वाळवत बस, असं बोललास. लहान भाऊ! सगळे हसले. त्या दिवशी ठरवलं." मी तसं बोललो नाही. बोललो असलो तरी कामावर माणूस बोलतो, त्यावर कोणी बोट विकतं का? तेच मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "बघ. अजून तोच हायस." मी उठलो. चहा भरून ठेवला होता, त्याला हात लावला नाही. आमच्यात भरलेला चहा टाकून उठणं म्हणजे काय ते सांगायला नको. जिन्यात मागून त्याचा आवाज आला, "पिवळा होता!"

घरी आलो तर रेश्मा वाटेतच उभी. कुठे गेला होतास, असं विचारलंही नाही. मला वर घेऊन गेली. काल संध्याकाळची रेघ दाखवली. तीच. खोल खड्डा, उथळ खड्डा, खोल, उथळ.

"काल दबला नाय," मी म्हटलं. "काल एकटा पांढरा होता."

"नाय, आजा. दोघं होते. जास्तच जवळ आलेले. बघ ना."

"कॅमेरा चुकला."

"चूक केवढी ते लिवलंय खाली. एवढी नाय."

म्हणजे मला माझाच दिसला, दादाला त्याचाच दिसला आणि मशिनीला दोघंही दिसले. हे मी कोणाला सांगू?

पोरगी हुशार, पण वेडी. म्हणाली, उद्या मोठ्या आजाला इकडे आणते, दोघं एका गच्चीवर बसा आणि काय दिसतं ते एकदमच बोला. मला खरंच कळायला पाहिजे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, येऊ दे त्याला, समुद्र माझ्या दारासमोर आहे. ती कुंभवलीला गेली. दादा म्हणाला, "चहा टाकून तो गेला, तो येऊ दे. माझी गच्ची उंच हाय." ती परत आली. पुन्हा गेली. माझा निरोप तोच, त्याचाही तोच. आणि दिवा त्या संध्याकाळीही होता, पुढच्याही, मी माझ्या गच्चीवर, तो त्याच्या. मग ढग आले. समुद्रावर पडदा पडला. रेश्मा दुर्बिणीला प्लास्टिक गुंडाळून पुण्याला गेली. जाताना माझ्या पाया पडली, पण तोंड फुगलेलं.

पाऊस भरात असताना दादा गेला. झोपेत. मुलाने फोन केला तेव्हा रस्त्यावर पाणी होतं, रिक्षा नव्हती, मी पोचलो तोवर नेलं होतं. त्याच्या सुनेने मला बसायला पाट दिला. तोच पाट. आणि चहा दिला. या वेळी मी तो प्यायलो. खूप साखर होती.

आता बंदी उठून बोटी बाहेर जायला लागल्यात. संध्याकाळी समुद्र नुसता एलईडीने चमकतो, सर्कस असते तशी. पण आमच्या कवीवर कोणी जात नाही, तिथे काळोखच असतो. म्हणजे असायला पाहिजे.

रेश्मा, हे टाइप करताना तुला आत्ताच कळतंय, आणि तुझ्या डोक्यात काय येईल ते मला माहीत आहे. कॅमेरा घेऊन येऊ नकोस. तू काचा बदलून बदलून मोजशील, आकडा काढशील, खाली चूक किती तेही लिहिशील. मला नको आहे. वसंतला विचारू नकोस, मी त्याला सांगितलेलं नाही. पुढे टाइप कर.

तिथे एक दिवा असतो. पिवळा. पसरट. माझी बत्ती शोधून शोधून डोळ्यांना पाणी आलं, ती नाही. मी मेलेलो नाही, हे बोलतोय ते तुम्ही वाचताय. मग ती का नाही? याचा अर्थ कोणाला लागत असेल तर त्याने लावावा, मला लागलेला नाही आणि भूत मी अजून मानत नाही. दादा असता तर पाच मजले चढून जाऊन विचारलं असतं, तुला आता कोणता दिसतो? तो म्हणाला असता, तुझीच ती भसाभसा बत्ती. मी म्हटलं असतं, कंदील. पुन्हा भांडलो असतो.

मी रोज बसून बघतो. सून जेवायला हाका मारते. दिवा सरळ जळत राहतो, एकसारखा. दबत नाही. त्याच्या पुढून आडवं जायला कोणी नाही.